उपाशी राहायला लावणारा आजार उत्क्रांतीत टिकला कसा? (खाण्याचे विकार, थोडं सविस्तर)

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात पीयूसीला (अकरावी-बारावी) जीवशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, जगायला उपयोगी पडतात ते गुण टिकतात म्हणता, मग माणसाला अन्नच नको करून टाकणारा आजार अजून का आहे?" हा प्रश्न एका तासात मावणारा नाही, म्हणून इथे लिहिते. दुसरं कारण असं की खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या आपल्या पट्ट्यात हा आजार मुंबई-बंगळूरच्या पैसेवाल्यांचा समजला जातो. माझ्या वर्गात मात्र डबा न उघडता परत नेणाऱ्या मुली असतात. घरी सांगायचं कॉलेजात खाल्लं आणि कॉलेजात सांगायचं घरून जेवून आले. पालक भेटले की म्हणतात, "नखरे आहेत हो, दोन दिवस लक्ष देऊ नका."

एक विनंती आधीच करते. कुणीही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या वजनाचे आकडे, कॅलरी, 'मी असं कमी केलं' असलं काही इथे लिहू नका. वाचणाऱ्यांत आजारी मुलीही असतील.

आजाराचं नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात दिलं आणि त्याच सुमारास पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी अशाच रुग्णांचं वर्णन केलं. तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता. बुलिमिया, म्हणजे भान हरपून खाणं आणि मग ते शरीराबाहेर काढायची धडपड, हा वेगळा आजार म्हणून जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये मांडला. मानसिक आजारांत ज्यांचा मृत्युदर सर्वांत जास्त, त्यांत अ‍ॅनोरेक्सिया येतो. म्हणून नखरे हा शब्द मला सहन होत नाही.

आता उत्क्रांतीकडे.

एक मांडणी अशी की हे पुनरुत्पादन पुढे ढकलणं आहे. परिस्थिती वाईट असताना कित्येक सस्तन माद्यांचं प्रजनन थांबतं, हे वासर आणि बराश यांनी १९८३ मध्ये मांडलं. मिशेल सर्बी यांनी १९८७ मध्ये तोच विचार किशोरवयीन मुलींच्या अ‍ॅनोरेक्सियाला लावला. चरबी घटली की पाळी थांबते, हे रोझ फ्रिश यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलंच होतं.

दुसरी रियाध आबेद यांची, १९९८ ची. सडपातळपणा हे तारुण्याचं लक्षण, त्यामुळे जोडीदारासाठी बायकांमध्ये त्यावर चढाओढ लागते आणि आजच्या जगात ती हाताबाहेर जाते, असं ते म्हणतात.

तिसरी शॅन गिसिंगर यांची, २००३ ची, आणि ती मला सर्वांत जास्त खिळवून ठेवते. त्यांचा मुद्दा अ‍ॅनोरेक्सियाच्या एका विचित्र लक्षणापासून सुरू होतो. उपाशी माणूस सहसा गळून जातो, पडून राहतो. हे रुग्ण मात्र चालत राहतात, पळत राहतात, शांत बसवत नाही त्यांना. भूक नाही म्हणतात आणि आपण खंगलोय हे त्यांना दिसतच नाही. गिसिंगर म्हणतात की भटक्या टोळ्यांच्या काळात एखाद्या प्रदेशातलं अन्न संपलं, तर तिथेच मुळं उकरत बसण्यापेक्षा भूक विसरून दूर चालत जाणारी माणसं वाचली असतील. ती जुनी यंत्रणा काहींच्या शरीरात अजून आहे आणि वजन फार उतरलं की ती चालू होते. या विचाराला उंदरांचा एक जुना प्रयोग जोडता येतो. १९६७ मध्ये राउटेनबर्ग आणि कुझनेसॉफ यांनी काही उंदरांना दिवसातून एकच तास अन्न दिलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं. ते उंदीर खाणं कमी करून जास्तच पळू लागले आणि त्यात मेले. तेवढंच अन्न पण चाक नाही, असे उंदीर जगले.

चौथी मांडणी रँडॉल्फ नेस यांची. ते म्हणतात, आजार स्वतः उपयोगाचा कधीच नव्हता, उपयोगाची आहे ती दुष्काळाला तोंड देणारी यंत्रणा. कडक डाएट सुरू केलं की मेंदूला दुष्काळ पडल्याची वर्दी जाते. मग मिळेल तिथे, मिळेल तेवढं, भराभर खाऊन घे असा आतून हुकूम येतो. माणूस घाबरतो, आणखी कडक उपास करतो, आणि चक्र घट्ट होत जातं.

माझं मत उघड सांगते. चौथी मांडणी सर्वांत भक्कम, तिसरीत तथ्याचा एक मोठा तुकडा आहे, पहिली अर्धवट आणि दुसरी सर्वांत कच्ची. तुम्हाला काय वाटतं?

घटप्रभाकाठ

वाचतेय, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आमच्या नात्यातल्या एका मुलीला 'वारं लागलंय' म्हणून वर्षभर देवदेव करत फिरवलं. पाळी बंद झाली तेव्हा कुठे डॉक्टर. पुढचे प्रतिसाद घरच्यांना वाचून दाखवणार आहे.

काळी_माती (गोकाक)

लेख आवडला, तरी मला यातल्या बऱ्याच गोष्टी मागाहून रचलेल्या कथा वाटतात. कुठलंही लक्षण घ्या, त्याला शोभेल असा एक भूतकाळ रचा, झालं स्पष्टीकरण. मुद्द्यांनी विचारतो.

दुष्काळातून चालत जायला उपयोगी पडणारी यंत्रणा असेल तर ती टोळीतल्या धडधाकट प्रौढ माणसांत दिसायला हवी होती. हा आजार सर्वाधिक सुरू होतो तो किशोरवयात आणि मुलींमध्ये. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी टोळीला वाट दाखवणार होती का?

ज्यांना आपण 'दुष्काळाने घडवलेली जनुकं' म्हणतो त्या कल्पनेलाच मोठा आक्षेप आहे. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मधुमेहासाठी काटकसरी जनुकांची, म्हणजे सुकाळात चरबी साठवून दुष्काळात तगवणाऱ्या जनुकांची, कल्पना मांडली. जॉन स्पीकमन यांनी तिच्यावर हरकत घेतली की दुष्काळात मरतात ती मुख्यतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं, आणि तीही बऱ्याचदा रोगराईने. प्रजननक्षम वयातली बारीक माणसं निवडून मारली गेली, असं चित्र दिसत नाही. मग निवड झाली कशावर?

आणि आबेद यांची चढाओढ. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी असे कितीतरी रुग्ण नोंदवले ज्यांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट गच्च वाटतं, भूक लागत नाही, एवढंच ते सांगायचे. सुंदर दिसायची स्पर्धा हे मूळ असेल तर या रुग्णांचं काय करायचं?

रानजाई

काळी_माती, तुमचा तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य. म्हणूनच मी ती मांडणी सर्वांत कच्ची म्हटली. शिवाय हाडं दिसेपर्यंत खंगलेली व्यक्ती जोडीदाराच्या नजरेत वर चढते असं कुठल्याच समाजात दिसत नाही. ही मांडणी अजून एक नुकसान करते. मुलीच्या दुखण्याला 'पोरांना दाखवायचं असतं' असा अर्थ चिकटवायला घरच्यांना ती आयतीच सापडते.

वयाच्या मुद्द्यावर गिसिंगर यांचं म्हणणं एवढंच आहे की ही प्रतिक्रिया सगळ्यांत नसते, थोड्यांत असते. जनुकीय अभ्यास या 'थोड्यांत' ला दुजोरा देतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजाराचा साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक वाटा आनुवंशिक दिसतो. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचातल्या ८ जागा आजाराशी जोडलेल्या सापडल्या आणि संबंध फक्त मनोविकारांशी निघाला नाही, तर चयापचयाशी आणि शारीरिक हालचालीच्या प्रमाणाशीही निघाला. म्हणजे काही शरीरं मुळातच अशी असतात की वजन उतरायला लागलं की थांबवणारा ब्रेक नीट लागत नाही. हे मी टोळीच्या कथेपेक्षा जास्त महत्त्वाचं मानते. कथा उद्या खोटी ठरली तरी ही निरीक्षणं उरतील.

निपाणीचा_डॉक्टर

दवाखान्यातून आल्यावर वाचलं. मी मनोविकारतज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे, पण हे रुग्ण आधी माझ्यासारख्याकडेच येतात. 'अ‍ॅसिडिटी आहे', 'जेवल्यावर पोट फुगतं', 'चक्कर येते'. सिंग ली यांचे हाँगकाँगचे रुग्ण वर आले आहेत. भारतातल्या डॉक्टरांनीही जाडीची भीती न सांगणारे असे रुग्ण नोंदवले आहेत. त्यामुळे आमच्याकडे पोटाच्या गोळ्या, मग सोनोग्राफी, मग दुर्बीण, असा प्रवास होतो आणि 'घरात जेवतेस किती गं?' हा प्रश्न कुणी एकांतात विचारतच नाही.

उत्क्रांतीच्या वादात कोण जिंकतं ते ठाऊक नाही, पण उपासमारीने मन कसं बदलतं याचा पुरावा भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र घ्यायला नकार देणारे स्वयंसेवक होते, तपासून निवडलेले, मनाने आणि शरीराने निरोगी. युरोपातल्या उपासमारीतून माणसं परत कशी उभी करायची हे समजून घ्यायचं होतं. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी असं खाणं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं.

पुढचं नीट वाचा. ही धडधाकट माणसं स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागली. रात्री स्वप्नात जेवण. ताटली चाटून पुसणं. थोडंसं अन्न तासन्‌तास चिवडत बसणं. च्युइंगगम आणि कॉफीचा अतिरेक. चिडचिड, उदासी, मित्रांपासून तुटणं, स्त्रीपुरुष आकर्षण नाहीसं होणं. आणि जेवण पूर्ववत सुरू झाल्यावर काहींना पोट तुडुंब भरूनही भूक थांबेना.

यातली निम्मी लक्षणं मी मुलींमध्ये पाहतो. रेसिपीचे व्हिडिओ तासन्‌तास पाहणारी, घरच्या सगळ्यांना आग्रहाने वाढणारी आणि स्वतः चमचाभर खाणारी मुलगी. आई म्हणते, "हिला स्वयंपाकाची एवढी आवड आणि खात मात्र नाही, ढोंग आहे." ढोंग नाही आई, उपाशी मेंदू असाच वागतो. त्या ३६ जणांपैकी एकही फॅशनच्या मागे लागलेला नव्हता.

आता रानजाई मॅडमच्या चौथ्या मांडणीवर. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, ते १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला 'साठा संपत आलाय' हे कळतं. पाळी थांबणं, थंडी वाजणं, नाडी मंद होणं हे त्यातूनच येतं. पुढे चाकावरच्या तशाच उंदरांना लेप्टिन दिलं तेव्हा त्यांची धावपळ कमी झाली. म्हणजे ती अस्वस्थ हालचाल निदान काही अंशी उपासमारीचीच खूण आहे. मुलगी मुद्दाम रात्री गच्चीवर फेऱ्या मारते असं घरचे सांगतात, तेव्हा मला हे आठवतं.

एक गंभीर सूचना. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं, हृदय बंद पडू शकतं. युद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं अशी दगावली. त्यामुळे फार खंगलेल्या रुग्णाला पहिलं खाणं डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं.

तालमीतला (कंग्राळी)

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी पैलवान आहे, आता कुस्ती सुटली. मुलींचाच आजार म्हणतात म्हणून लिहायला लाज वाटत होती, पण लिहितो.

आमच्यात कुस्तीच्या आधी वजन उतरवायची पद्धत आहे. कशी ते धागाकर्तीने सांगितल्याप्रमाणे लिहीत नाही. अमेरिकेत १९९७ साली असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान महिनाभरात मेले आणि मग तिथले नियम बदलले, एवढं सांगतो, म्हणजे पोरं ऐकतील. आमच्या जोडीतल्या बहुतेकांचं वजन काट्यावर उतरलं की ते सुटायचे. मैदान झालं की मटण-भाकरी, थंडाई, दोन दिवसांत पैलवान परत पहिल्यासारखा. माझ्या एका जोडीदाराचं मात्र तसं झालं नाही. मैदान संपलं तरी त्याचं उतरवणं संपेना. वस्ताद ओरडले, आईने शपथा घातल्या. त्याला स्वतःला कळत होतं की ताकद चाललीय, पण घास गिळवेना. आम्ही म्हणायचो, "काय पोरींवानी करूलाईस?" त्या बोलण्याने तो अजून लपायला लागला. पोरांनासुद्धा होतं, आणि वस्ताद लोकांनी हे वाचावं म्हणून लिहिलं.

काळी_माती

तालमीतला दादा, फार मोलाचं लिहिलंत. आणि हे माझ्या शंकेचं अर्धं उत्तरही आहे. एकाच तालमीत, एकच उपास, एकच खुराक, तरी बाकीचे सुटले आणि एक अडकला. म्हणजे उपास ही ठिणगी, आणि पेटणारा माल सगळ्यांत सारखा नाही.

रानजाई

अगदी हेच. आणि मुलग्यांचं निदान होत नाही म्हणून आकडेही मुलींकडे झुकलेले दिसतात. दवाखान्यांत येणाऱ्या अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत मुलींचं प्रमाण मुलांच्या कितीतरी पट आहे हे खरं, पण त्यातला किती फरक शरीराचा आणि किती 'पोरींवानी' या टोमण्याचा, हे वेगळं करायला हवं.

आशाताई_खानापूर

मी गावात आशा कार्यकर्ती आहे. एक विचारायचं होतं, विषय जुळतो का बघा. आमच्याकडे गरोदर बायका आणि काही शाळकरी मुली चुलीची भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खातात. सासवा म्हणतात डोहाळे आहेत, खाऊ दे. याला पण उत्क्रांतीचं कारण आहे काय?

निपाणीचा_डॉक्टर

आशाताई, चांगला जुळतो. याला पायका म्हणतात आणि तो खाण्याच्या विकारांच्या यादीतच आहे. आपल्याकडे पहिलं काम म्हणजे हिमोग्लोबिन तपासणं. लोहाच्या कमतरतेशी याचा घट्ट संबंध आहे. बऱ्याच जणींची ही ओढ लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कमी होते. मातीतून जंत आणि शिसं जाण्याचा धोका असतो, म्हणून 'खाऊ दे' म्हणून सोडायचं नाही. रागवायचंही नाही. रागावलं की लपून खातात.

काळी_माती

आणि आशाताईंच्या प्रश्नात उत्क्रांतीची मांडणी तपासायची कशी याचा नमुना मिळतो. माती खाण्यावर तीन अंदाज होते: भुकेपोटी खातात, लोहासारख्या क्षारांसाठी खातात, किंवा चिकणमाती आतड्यातली विषं आणि जंतू बांधून ठेवते म्हणून. सेरा यंग आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या जुन्या नोंदी गोळा करून २०११ मध्ये हे तिन्ही अंदाज पडताळले. भुकेचा अंदाज टिकला नाही, क्षारांचा लंगडा पडला आणि संरक्षणाचा सर्वांत बरा जुळला. कारण माती खाण्याच्या नोंदी सर्वांत जास्त गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आहेत, उष्ण आणि दमट भागांतून जास्त आहेत. अंदाज बांधला, त्यातून काय दिसायला हवं ते आधी सांगितलं, मग पाहिलं. अ‍ॅनोरेक्सियाच्या मांडण्यांना मी हीच कसोटी मागतोय.

वडगावकर_काका

माझं वय झालं आहे, शास्त्र थोडं कळतं. दुष्काळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या बेळगाव, धारवाड, कलादगी भागाला फार वाईट गेला. हा सगळा तेव्हा मुंबई इलाखा. सरकारने रिचर्ड टेंपल यांना पाठवलं आणि त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी या अन्नात कष्टाचं काम करणारा माणूस जगणार नाही असं लिहून विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेने त्यांची बाजू घेतली. कोरड्या पूर्वेकडची माणसं जनावरं घेऊन पाण्याच्या दिशेने चालत सुटायची. तर मॅडम, आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी हे सोसलं, त्याचंच हे रक्तात उतरलं असेल काय?

दुसरं, घरात बायका सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी करतात. आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा, त्यांच्या पर्युषणात तर कडक उपवास असतात. मग त्यांना हा आजार का होत नाही?

रानजाई

काका, माहितीबद्दल मनापासून आभार. टेंपलच्या मजुरीची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे. तरी दीडशे वर्षांचा काळ, म्हणजे पाच-सहा पिढ्या, असा नवा गुण समाजभर पसरायला फार थोडा आहे. वरच्या मांडण्यांमधला दुष्काळ हजारो पिढ्यांचा, शेतीच्याही आधीचा. जवळच्या पिढ्यांवर उपासमारीचा परिणाम होतो तो वेगळ्या वाटेने, आईच्या पोटातल्या पोषणातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच लहान, पण चरबी तुलनेने राखून जन्मतात. त्याचा संबंध पुढच्या मधुमेहाशी जास्त आहे, या धाग्यातल्या आजारांशी तो जोडायची घाई मी करणार नाही.

उपवासाचा प्रश्न मोठा आहे. माझ्या मते फरक असा की व्रताला सुरुवात असते आणि शेवट असतो. पारणं असतं. सगळं घर मिळून उपवास सोडतं. आजारी माणसाला, लहान मुलाला, बाळंतिणीला सूट असते. आजारात यातलं काहीच नसतं. सोडायची वेळ येतच नाही आणि सगळं एकटीने, लपून. अडचण एवढीच की आजारी मुलीला व्रत ही चांगली आडोशाची जागा मिळते. आधी कधी न करणारी मुलगी अचानक आठवड्यात तीन उपवास धरू लागली आणि फराळालाही नको म्हणू लागली, तर कौतुक करण्याआधी तिच्याजवळ बसा.

आणि टीव्ही-मोबाईलला मी वर कमी लेखलं असं वाटू नये. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना विचारलं. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी शंभरात अकरा होत्या. भरलेलं अंग हीच तिथे शोभा मानली जायची. शरीराची यंत्रणा जुनी, पण तिला छेडणारी गोष्ट नवी असू शकते.

मलप्रभा

पहिल्यांदाच लिहितेय. मी या आजारातून गेलेली आहे, अथणीकडची. हॉस्टेलला असताना सुरू झालं.

तुम्ही सगळे कारणं शोधताय ते वाचताना मला एक सांगावंसं वाटलं. सुरुवात परीक्षेच्या ताणात आणि एका आजारपणात झाली. तापानंतर जेवण कमी झालं ते झालंच. जाड व्हायची भीती नंतर आली, आधी नव्हती. खूप कमी खाल्लं की अंगात एक प्रकारची वीज यायची, झोप नको, बसायला नको. मला वाटायचं मी किती कणखर आहे. रानजाई मॅडमनी पळणाऱ्या उंदरांबद्दल लिहिलंय ते वाचून मी बराच वेळ रडले. कारण ती वीज माझी नव्हती, आजाराची होती, हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

एका डॉक्टरांनी मला आईसमोर विचारलं, "मॉडेल व्हायचंय काय?" त्यानंतर मी कित्येक महिने कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. आजी रोज विचारायची, "जेवूलाईस का न्हाई गे बाय?" तेवढंच विचारायची आणि शेजारी बसायची. शेवटी धारवाडला मनोविकार संस्थेत गेलो. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, "तू का सुरू केलंस ते नंतर बोलू. आधी मेंदूला अन्न देऊ, मग तो बोलायच्या लायकीचा होईल." आणि खरंच तसंच झालं. वजन थोडं सावरल्यावर विचारांचा तो कर्कश आवाज खाली आला. पूर्ण जायला मात्र फार वेळ लागला.

स्पर्धा, टोळी, दुष्काळ, यातलं कुठलं खरं ते तुम्ही ठरवा. मला यातून एवढं मिळालं की मी वाईट मुलगी नव्हते.

तालमीतला

ताई, लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. जोडीदाराला वाचायला पाठवलंय.

निपाणीचा_डॉक्टर

मलप्रभा, धारवाडच्या बाईंचं वाक्य मी माझ्या टेबलावर लिहून ठेवतोय. आणि त्या डॉक्टरांच्या प्रश्नाबद्दल आमच्या व्यवसायातला एक म्हणून मला फार वाईट वाटलं.

काळी_माती

माझी भूमिका थोडक्यात. उपासमारीची यंत्रणा जुनी आहे आणि ती अशा वागण्याला जन्म देते, इथपर्यंत पुरावा आहे आणि तो मी मानतो. आजार हाच कधीकाळी फायद्याचा होता, या पुढच्या पायरीला पुरावा नाही. रानजाई मॅडम, वर्गात शिकवताना या दोन पायऱ्या वेगळ्या दाखवा, एवढी विनंती. 'निसर्गाने दिलेलं आहे' म्हटलं की लोक लगेच 'मग चांगलंच असणार' असं धरून चालतात.

रानजाई

तशाच दाखवेन. ताप येणं ही उपयोगी यंत्रणा आहे, तरी १०५ ला गेलेला ताप आपण उतरवतोच.

एक_वाचक_हुक्केरी

खातं आजच उघडलं. माझी मुलगी दहावीत आहे. वर लिहिलेलं सगळं घरात चाललंय, रेसिपीचे व्हिडिओसुद्धा. जेवायला बसलं की भांडण होतं. बायको म्हणते जबरदस्ती नको, आई म्हणते दोन दिल्या की खाईल. मी ताटासमोर बसू का सोडून देऊ? काल शाळेत चक्कर येऊन पडली.

निपाणीचा_डॉक्टर

दादा, चक्कर येऊन पडली असेल तर वाट बघू नका. उद्याच नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, साखर तपासून घ्या. नाडी फार मंद असेल किंवा ईसीजीत काही दिसलं तर दाखल करावं लागेल, तेव्हा नको म्हणू नका.

ताटाबद्दल: मारायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. या वयातल्या मुलांसाठी सर्वांत चांगला पुरावा असलेला उपचार लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात सुरू झाला. त्यात काही काळ आईवडीलच जेवणाची जबाबदारी हातात घेतात, न रागावता आणि न हटता. तो शिकून घ्यावा लागतो. धारवाडच्या मनोविकार संस्थेत किंवा बंगळूरच्या निम्हान्समध्ये दाखवा. तोवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असतं, पैसे पडत नाहीत.

मलप्रभा

काका, ताटासमोर बसा. किती खाल्लं यावर बोलू नका, तिच्या दिसण्यावर तर नाहीच, 'आता अंग भरलं' असं कौतुकानेसुद्धा नाही. 'हे अवघड आहे मला माहितेय, मी बसलोय इथे' एवढं म्हणा आणि दुसऱ्या कशावर तरी बोला. आजीला सांगा की ती हट्ट करत नाही, घाबरलेली आहे. आणि जेवण झाल्यावर लगेच उठू नका, अर्धा-पाऊण तास सोबत राहा. तो वेळ सर्वांत कठीण असतो.

एक_वाचक_हुक्केरी

सकाळी पहिल्या बसने बेळगावला घेऊन येतो. ईसीजीसाठी आधी मानसिक डॉक्टरची चिठ्ठी लागते काय? आणि रक्त तपासायचं तर उपाशी आणायचं का तिला?

निपाणीचा_डॉक्टर

चिठ्ठी लागत नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा कुठल्याही फिजिशियनकडे 'जेवत नाही आणि चक्कर येऊन पडली' असं स्पष्ट सांगा. रात्रीत पुन्हा पडली, छातीत धडधडलं किंवा गुंगी वाटली, तर बसची वाट न बघता १०८ ला फोन करा. उपाशी आणायचं नाही. या तपासण्यांना त्याची गरज नाही. घरून नेहमीचं थोडं खाऊन निघा, आणि बसमध्ये तिच्या शेजारी तुम्हीच बसा.